यम६२ नावाचं यान

माझ्या नुसत्या खाकरण्यानं गुन्हेगार कबुली देतात. आतापर्यंत एकानंच दिली, तीही दुसऱ्याच गुन्ह्याची, पण दिली. मी रुपराव ढोक, खासगी गुप्तहेर, मुक्काम मनीषनगर. तीस वर्षं विजेच्या मीटरचं रीडिंग घेतलं, आता माणसांचं घेतो.

माझी पुतणी मिनल हिनं दोन वर्षं खपून अंतराळयुद्धाच्या खेळाचा सर्व्हर बांधला होता. लोकांनी घरबसल्या त्यात शिरायचं आणि आपापली यानं घेऊन एकमेकांशी लढायचं. सगळा ओपन सोर्स, म्हणजे कोड उघडा. कोणीही बघावा, न्यावा, दुरुस्त करावा. येत्या रविवारी उद्घाटन होतं आणि त्याआधीच्या मंगळवारी पोरगी रडवेली होऊन माझ्याकडे आली.

"काका, रोज दुपारी एक यान येते. नाव यम६२. काळ्या ग्रहापाशी दोन तास नुसतं उभं राहते. अंगावर जा, ढिम्म! चाचणीले अकरा जण होते, सात भिऊन पळाले."

"कोड चोरून राहिला तो."

"चोरायचं काय त्यात? फुकटच आहे. कोणीही न्यावा."

"मग हा नेऊन काहून नाही राहिला? संशय तिथंच येते!"

काळा ग्रह म्हणजे कोळसा, कोळसा म्हणजे उमरेडची खाण. बुधवारी एसटीनं उमरेड गाठलं आणि खाणीच्या फाटकाशी तासभर आभाळ न्याहाळलं. पहारेकऱ्यानं विचारलं, "काय पाहून राहिले?" मी म्हणालो, "यान." त्यानं मला पाणी पाजलं आणि हाताला धरून परतीच्या गाडीत बसवलं.

गाडीत डोक्यात लख्ख प्रकाश पडला. यम! आणि पुढं बासष्ट. माझं वय बासष्ट! घरी आल्याबरोबर बायकोला, चारुलताला, कपाटाच्या किल्ल्या कुठं असतात ते जड आवाजात सांगितलं.

"मले माहीत आहे," ती म्हणाली. "तुम्हालेच सापडत नाही."

शुक्रवारी दुपारी मी मिनलशेजारी जीव मुठीत धरून बसलो. एकच्या ठोक्याला यान आलं. मिनलनं वैतागून खेळातच टाइप केलं, 'आपण कोण?'

"असं सरळ विचारतात काय वं गुन्हेगाराले?" मी कुजबुजलो.

पडद्यावर एकेक अक्षर उमटू लागलं. 'हळू बोल. बाळ आत्ताच झोपलं.'

जवळच्याच बेसातल्या यमुताई, वय बासष्ट. चाचणीतल्या अकरांपैकी एक त्यांचा मुलगा, त्यानंच फोनवर खेळ टाकून दिलेला. पाच महिन्यांचा नातू फक्त उभ्या यानाच्या घूंऽऽ आवाजावर झोपायचा. यान हललं की आवाज बदलायचा आणि तो टाहो फोडायचा. काळ्या ग्रहाकडे लढायला कोणी फिरकत नाही, म्हणून मुक्काम तिथं.

इतक्या दिवसांत हे कोणीच त्यांना विचारलं नव्हतं. मी तर मुळीच नाही. पद्धतशीर तपासात विचारपूस शेवटी येते.

रविवारी सर्व्हर सगळ्यांसाठी उघडला. तासाभरात एकशे तेरा यानं! मिनलनं उडीच मारली. मग नीट पाहिलं. लढत होती नऊ. उरलेली एकशे चार काळ्या ग्रहाभोवती गुमान उभी होती. यमुताईंनी भजनी मंडळात सांगितलं होतं.

पाचच मिनिटांत सर्व्हरवर पहिली तक्रार आली: 'ते नऊ जण कोण आहेत? त्यांचा बंदोबस्त करा.'