पिंजऱ्यातला केक

उंदीर मारण्याआधी त्याची वाट बंद करावी, असं आजोबांचं ठाम मत होतं. म्हणून त्यांनी मोरीच्या पाइपाशेजारचं भोक तारेची घासणी कोंबून, वर सिमेंट थापून असं काही बुजवलं की आजींनीसुद्धा मान डोलावली. घोटाळा एवढाच झाला की त्या वेळी उंदीर घरातच होता. आता बिचाऱ्याला जायचं म्हटलं तरी वाट उरली नव्हती.

लेकीने फोनवर बजावलं, "बाबा, तो उंदीर सापडल्याशिवाय मी बाळाला घेऊन यायची नाही हं!"

आजोबांचं तोंड उतरलं. नातीला त्यांनी अजून फोनच्या पडद्यावरच पाहिलं होतं. तिला मांडीवर घ्यायला हात नुसते शिवशिवत होते.

आजींनी लगेच पिंजरा आणला आणि आकड्याला केकचा तुकडा अडकवून ओट्याखाली ठेवला. इथेच सगळं फिसकटलं. कारण आजोबांना डायबेटिस झाल्यापासून घरातल्या गोडाच्या कपाटाला कुलूप होतं, पिंजऱ्याला नव्हतं. आजी आंघोळीला गेल्या की आजोबा शब्दकोड्याच्या पेन्सिलीने आकडा धरून ठेवत, दोन बोटांनी केक काढत आणि पिंजरा होता तसा सरकवून देत. जन्मभर घड्याळं दुरुस्त केलेले हात ते. खटक्याला पत्ताही लागत नसे.

"अगं बाई! केक गायब आणि दार उघडंच? हा उंदीर भलताच हुशार दिसतोय!"

"शिकलेला असेल," आजोबा मिशी पुसत म्हणाले.

आजी हार मानणाऱ्यातल्या नव्हत्या. साधा केक गेला तसा अक्रोडाचा आला. तोही गेला, तेव्हा चॉकलेट आलं. शेजारच्या काकू मुद्दाम पिंजरा बघायला आल्या.

"काय थाट आहे हो तुमच्या उंदराचा! आमचा मेला साबण कुरतडून दिवस काढतोय."

एका सकाळी आजोबांनी चॉकलेट तोंडात टाकलं आणि फोन खणाणला. ते दचकून उठले.

"बाबा, माझी रजा संपत आली. आता पुढच्या वर्षीच बघू."

चॉकलेट एकदम कडू झालं. पुढच्या वर्षी म्हणजे पोर दुडुदुडु धावायला लागलेली असणार! आजोबांना स्वतःची विलक्षण लाज वाटली. आजींनी पुन्हा आकड्याला बदामाचा केक लावला, तेव्हा ते पिंजऱ्याकडे पाठ करून, हाताची घडी घालून बसले. फार कठीण दिवस गेला.

दुसऱ्या दिवशी ओट्याखाली खडखडाट झाला.

"सापडला!" आजोबा इतक्या जोरात ओरडले की काकू लाटणं घेऊन धावत आल्या.

लेक आली. नातीने मांडीवर बसल्या बसल्या आजोबांची मिशी मुठीत धरून ओढली, आणि आजोबांचं पोट भरलं. तेवढ्यात लेकीचं लक्ष ओट्याखाली गेलं. धुऊन पुसून लखलखीत केलेला पिंजरा, आत नवा केक.

"आई, उंदीर सापडला ना? मग हे कशाला?"

"एक सापडला गं," आजी दुपट्याची घडी घालत म्हणाल्या, "दुसरा अजून घरातच आहे. घाबरू नकोस, माणसाळलेला आहे. पिंजरा धुवायला उचलला, तर खाली त्याची पेन्सिल सापडली."