सासूबाईंचा झोपाळा आणि दहा तारा

"स्नेहलच्या हळदीला बँड नको! मी एकटा पुरे आहे!" गोटीरामने सासरी जाहीर केलं. मेव्हणीचं लग्न तेव्हा ठरलंही नव्हतं, पण गोटीरामच्या डोक्यात हळद वाजायला लागली होती.

त्याचं झालं असं की शहाण्णव साली त्याने एका कॅसेटवर पेडल स्टील गिटार ऐकली आणि माणूस कामातून गेला. टेबलासारखी चार पायांवर उभी गिटार. खालचं पेडल दाबलं की सूर तुपावरून घसरल्यासारखा सरकतो! अशी गिटार मिळणार कुठे?

"मीच बनवतो!"

पेडलं कळंबोलीच्या भंगारात मिळाली. अडलं ते मुख्य फळीपाशी. जुनं, मुरलेलं, न वाकणारं सागवान हवं. तसं त्याच्या ओळखीचं एकच होतं. जासईला सासूबाई, गोजराबाई, ज्यावर बसून सुपारी कातरायच्या, तो झोपाळा!

"आई, पॉलिश करून आणतो," म्हणत त्याने फळी टेम्पोत घातली.

त्याचा प्रामाणिकपणा असा, की फळी कापली नाही. त्यामुळे सीवूड्सच्या फ्लॅटमध्ये पलंगाएवढी गिटार तयार झाली आणि पलंग गॅलरीत गेला.

"अहो, झोपायचं कुठे?" बायकोने विचारलं.

"मी काय झोपायला बनवतोय?"

"मी माझं विचारतेय!"

दहा तारा चढल्या. पण पेडल दाबलं की नुसती कुरकुर; सूर सरकेल तर शपथ! तारा जुळवता जुळवता महिना गेला, आणि जुळल्या त्याच दिवशी जासईहून फोन आला.

"जावयबापू, रविवारी स्नेहलला बघाया पावनं येतान. फली आना."

"आई, पॉलिश अजून ओलं आहे..."

"दोन महिनं? फली पेरली का काय?"

जुळलेल्या तारा काढणं गोटीरामच्या जिवावर आलं. त्याने पाय आणि पेडलं काढली, फळी उलटी करून साखळ्यांना टांगली आणि वर सतरंजी घातली. तारा खाली. कोण वाकून बघतंय?

मुलाचे वडील देवजीशेठ अंगाने भरलेले. ते बसले, तशी ती न वाकणारी फळी वाकली. शेठनी जमिनीला रेटा दिला, टाच मागे फळीखाली जाऊन तारांना घासली...

"ट्यांऽऽवंऽऽव!"

स्नेहल पोहे घेऊन दारातच थबकली. शेठनी पोटावर हात ठेवला. बाकीचे छताकडे बघू लागले.

"सोडा आन गो," गोजराबाई स्नेहलला हळूच म्हणाल्या.

पुन्हा झोका. "वंऽऽऽव!" सूर तुपावरून घसरत गेला. महिनाभर पेडलांना जमलं नाही, ते शेठच्या वजनाला जमलं!

"वाऽऽ!" गोटीराम ओरडला. "शेठ, पुन्हा एकदा!"

देवजीशेठ लालबुंद होऊन उठले. "पावन्यांची मस्करी करता? चला रे!"

स्नेहलचं लग्न डोळ्यादेखत चपला शोधू लागलं! गोटीरामने झटकन गुडघे टेकून सतरंजी वर केली.

"शेठ, तुमचं पोट नाही! माझी गिटार आहे!"

"माझ्या फलीला भोकं!" गोजराबाई किंचाळल्या.

देवजीशेठ वाकले. तारा बघितल्या. मग गपचूप पुन्हा बसले आणि रेटा दिला. "वंऽऽव." शेठ हसले. पुढचा अर्धा तास त्यांनी कुणाला बसू दिलं नाही.

"पोरगी पसंत हाय," शेवटी ते म्हणाले. "देनंघेनं काय नको. निस्ता हा झोपाला पाठवा तिच्यासंगं."

गोटीरामने तोंड उघडलं.

"दिला!" गोजराबाई म्हणाल्या.

हळदीला बँडच बोलवावा लागला. अजूनही अधूनमधून शेठचा फोन येतो. "गोटीरामभाऊ, चौथी तार उतरली, या!" गोटीराम निमूट जातो, तार जुळवतो. वाजवायला मात्र शेठ देत नाहीत.

म्हणतात, "तुमचं वजन कमी पडतं!"