जयवंतीकाकींच्या चाकावरच्या घराची बत्ती

माहीम गावच्या जयवंतीकाकींनी लेकाची गाडी साऱ्या आळीत गाजवून ठेवली होती. "आमच्या शैलेशचं घर चाकांवर हाय. आत पलंग, पंखा, फ्रीज, बत्ती, सगळं उन्हावर चालतं."

आणि शनिवारी ती गाडी भाड्याने घेणारं पुण्याचं पहिलं गिऱ्हाईक येणार, तर त्याच आठवड्यात संध्याकाळी त्या घरात काजव्याएवढा उजेड पडेना. पहिलाच फेरा फसला तर गाडी विकून शैलेश पुन्हा बोईसरच्या कारखान्यात जाणार होता.

बोईसरहून दिपेश वायरमनला बोलावलं. परका माणूस येणार म्हणून काकींनी वाळत घातलेली राजेळी केळी आधी उचलून घरात नेली. सुकेळ्यांना नजर लागली की ती काळी पडतात, हे त्यांचं ठाम मत. दिपेशने बॅटरीला मीटर लावला, वायरी ओढून पाहिल्या, टपावर चढून सोलरची काच पाहिली.

"काकी, चार्जिंग चालू हाय. मला तर कायच खोट दिसत नाय."

"मग बत्ती काय रुसून माहेरी गेलीय?"

तो गेला त्या सांजेला बत्ती पेटली, दुसऱ्या दिवशी पुन्हा मेली. काकींनी दिपेशचा उद्धार केला, बॅटरीवाल्याचा केला, मग सुनेकडे वळल्या. "तुझा तो मोबाईल आधी गाडीतनं काढ. रक्त पितो बॅटरीचं."

रूपल म्हणाली, "आई, मी गच्चीवर कपडे वाळत घालत होते ना, तवा..."

"तू गप. कपड्यांचं मागनं बघू."

शुक्रवारी दिपेशने फोनवर सांगितलं, सोलरवर सावली पडत असेल, झाडबिड बघा. अंगणातला चिकू शैलेशच्या बापाने लावलेला. काकींनी डोळे पुसले आणि लेकाच्या हातात कोयता दिला. "तोड ती फांदी. ते असते तर त्यांनीच तोडली असती."

"आई, फांदी नका तोडू, वरती..."

"तुला गप म्हटलं ना?"

फांदी पडली. दुपारी काकी नेहमीसारख्या गाडीच्या मागच्या शिडीने टपावर चढल्या, केळी उलटायला. चिकूची सावली आता कुठेच नव्हती. सोलरच्या तापल्या काळ्या काचेवर या टोकापासून त्या टोकापर्यंत त्यांची सुकेळी मात्र ओळीने निजली होती. काकींनी ती एकेक करून उचलली. मग ओटीत भरून गुपचूप उतरल्या.

शनिवारी बत्ती लख्ख पेटली. पुण्याचे पाहुणे सुकेळी मागून मागून खात होते. पण पहिली ताटली काकींनी सुनेपुढे सरकवली होती.

रूपलने एक तुकडा मोडला. "दोनदा सांगायला आले होते, आई."

काकींनी बोडक्या चिकूकडे पाहिलं.

"मी गप म्हटलं तरी बोलायचं असतं. एवढं कळत नाय?"