तलावाचा नमुना

मे महिन्यातल्या भर दुपारी आरोग्य निरीक्षक हिलाल पाटील नगरपालिकेच्या पोहण्याच्या तलावाच्या काठावर पांढरेशुभ्र बूट घालून उभे होते आणि वाकायचं टाळत होते. हातात जळगावच्या प्रयोगशाळेतून आलेली निर्जंतुक बाटली होती. शेजारी यशोदाबाई उभ्या होत्या, मुलींच्या शाळेतल्या खेळाच्या बाई. तलावात पोहून त्यांच्या अकरा मुलींचे डोळे लाल झाले होते आणि बाईंनी थेट जिल्ह्याला तक्रार केली होती.

"पाणी हातभर खालचं घ्यायचं असतं ना, भाऊ?"

"बाई, पंधरा वर्षं काढलीत मी या खात्यात. तुम्ही लेझीम शिकवा!"

बाई गेल्या. हिलालरावांनी पाण्याकडे पाहिलं, बुटांकडे पाहिलं आणि विचार केला. तलावाला नगराध्यक्षांच्या वडिलांचं नाव होतं. "रिपोर्ट वाईट आला तर तुमची बदली पार सातपुड्याच्या डोंगरात, अक्राणीला," असं अध्यक्ष सकाळीच बोलले होते. मग धोका कशाला पत्करा? हिलालराव कचेरीत आले आणि बाटली व्हरांड्यातल्या माठातून भरली. अख्खी नगरपालिका पिते ते पाणी, त्यात काय निघणार? वर चिठ्ठी डकवली, 'पोहण्याचा तलाव, खोल बाजू', आणि शिपाई चिंधाला बर्फाच्या थर्मासासकट एसटीत बसवून दिलं.

आठव्या दिवशी रिपोर्ट आला. 'विष्ठेतील जंतूंनी दूषित. मानवी वापरास अयोग्य.'

अध्यक्ष कडाडले, "माझ्या बापाच्या तलावात हे?" तलावाला कुलूप लागलं. हिलालरावांच्या तोंडालाही लागलं. त्या दिवसापासून ते पिण्याचं पाणी घरून आणू लागले. बाकीच्यांना सांगण्याची गरज त्यांना वाटली नाही.

पंचाईत निराळीच झाली. यशोदाबाई शाल, नारळ आणि त्या अकरा मुली घेऊन कचेरीत हजर झाल्या.

"अध्यक्षांना न घाबरता ज्यांनी खरा नमुना पाठवला, त्या हिलालभाऊंची मी माफी मागते," बाई म्हणाल्या.

हिलालरावांनी मान लववून शाल घेतली. निर्भीड, प्रामाणिक असे शब्द कानावर पडत गेले, तशी त्यांची छातीही फुगत गेली. तिसऱ्या वाक्याला तर त्यांना ते खरंच वाटू लागलं.

उन्हातून आलेल्या मुलींना तहान लागली होती. चिंधाने माठातून पेले भरले. पहिल्या मुलीने पेला ओठांना लावला, तोच हिलालराव किंचाळले, "पिऊ नको!"

सगळे थबकले.

"का हो?" बाईंनी विचारलं.

"ते... तलावाचं पाणी आहे."

"माठात तलावाचं पाणी?"

"नाही. बाटलीत माठाचं होतं."

चिंधा पोटावर हात ठेवून म्हणाला, "साहेब, आम्ही बठ्ठा तर रोज हाईच पानी पी राह्यनूत ना!"

यशोदाबाईंनी हिलालरावांच्या खांद्यावरची शाल उतरवली आणि नीट घडी घातली. नारळही उचलला. "दुसरी बाटली घ्या. चला."

या वेळी हिलालराव काठावर पालथे झोपले. बाही खांद्यापर्यंत भिजली, बूट चिखलात गेले. वरून अकरा मुली बजावत होत्या, "सर, अजून खाली! हातभर!"

तलावाच्या पाण्यात एकही जंतू निघाला नाही. ब्लीचिंग पावडर मात्र चौपट निघाली. हिलालरावांच्या हुकमावरून ती रोज अंदाजाने पाटीपाटीने ओतली जात होती, तिनेच मुलींचे डोळे लाल केले होते. माठ जिच्या पाण्याने भरायचा, ती कचेरीच्या गच्चीवरची टाकीही तपासली. तिला झाकण नव्हतं. आत दोन कबुतरं होती, आणि ती आजकालची नव्हती.

पुढच्या सोमवारी अध्यक्षांनी फीत कापून तलाव पुन्हा उघडला. "मला सांगायला अभिमान वाटतो," ते माइकवर म्हणाले, "की माझ्या वडिलांच्या तलावाचं पाणी आपल्या नगरपालिकेच्या पिण्याच्या पाण्यापेक्षा स्वच्छ आहे!"

टाळ्यांचा कडकडाट झाला. सगळ्यात जोरात हिलालराव वाजवत होते.