एकोणीस बाटल्या समुद्र

पुलेंगने स्वयंपाकघरातल्या टेबलावर वेळापत्रक पसरलं, चार कोपऱ्यांवर चार कप ठेवले आणि घरातल्या सगळ्यांना हाक मारली. दक्षिण आफ्रिकेतल्या बेथलेहेम गावच्या एका शाळेची ती उपमुख्याध्यापिका. बत्तीस शिक्षक, एकवीस वर्ग आणि सदा आजारी असणारा गणिताचा मास्तर यांना एका कागदावर नांदवणाऱ्या बाईला चार दिवसांची क्रूझ म्हणजे डाव्या हाताचा मळ. निदान तिला तसं वाटत होतं.

"ऐका. डर्बनहून निघायचं. दुसऱ्या दिवशी मोझांबिकचं पोर्तुगीज बेट, तिसऱ्या दिवशी पोमेने, चौथ्या दिवशी सकाळी परत डर्बन. बेटावर साडेनऊच्या पहिल्या होडीने जायचं, दहाला चालत फेरी, बाराला जेवण, तीनला जहाजावर. पोमेनेला मी आणि रेफिलवे स्नॉर्कलिंगला. तिकिटं काढलीत. त्यात बदल नाही. कोणी विचारायचंही नाही."

हे शेवटचं वाक्य तिने जरा जास्तच जोरात म्हटलं. त्याला कारण होतं. त्रेचाळीस वर्षांच्या आयुष्यात पुलेंगने समुद्र दोनदा पाहिला होता, तोही घोट्यापर्यंत. या सहलीसाठी ती आठ शनिवार नगरपालिकेच्या तलावात सहा-सहा वर्षांच्या पोरांच्या रांगेत उभी राहून पोहायला शिकली होती. काचेचा चष्मा आणि श्वासाची नळी तिने स्वतःची घेतली होती आणि रात्री आरशासमोर लावून पाहिली होती. पोमेनेच्या पाण्यात डोकं खाली घालायचं आणि मासे बघायचे, एवढंच तिला हवं होतं. बाकीची क्रूझ गेली चुलीत.

चौदा वर्षांच्या रेफिलवेने फोनमधून डोकं न काढता मान हलवली. सात वर्षांच्या लेबोने जहाजावर आइस्क्रीम किती वेळा मिळतं ते विचारलं. नवरा त्सेको "छान, छान" म्हणाला. तो कशालाही छानच म्हणतो. सासू मात्सेको मात्र कागद निरखत बसली होती.

"मारेफिलवे," ती म्हणाली. म्हणजे 'रेफिलवेची आई'; हे नाव सासूने तिला लग्नातच देऊन ठेवलं होतं. "सगळं लिहिलंयस. पण पाणी कधी भरायचं?"

त्यांच्या वस्तीत, बोहलोकोंगमध्ये, समुद्रावर जाऊन हात हलवत परत आलेल्या माणसाला गल्लीत तोंड दाखवायला जागा राहत नाही. पेलाभर समुद्राचं पाणी प्यायलं की पोट झाडून निघतं, फाटकापाशी शिंपडलं की वाईट नजर बाहेर राहते, आंघोळीत घातलं की अडलेली नोकरी लागते. न मानणाऱ्यांच्या घरातही कपाटामागे एक बाटली असतेच. पुलेंगच्या कपाटामागेही होती.

"भरू ना, आई. परत येताना डर्बनला एक बाटली."

"एक?" मात्सेकोने लेकाकडे पाहिलं. "तू सांगितलं नाहीस हिला?"

त्सेकोने एकदम चहात साखर घालायला घेतली. त्याने आधीच तीन चमचे घातले होते.

"अंत्यविधीच्या भिशी मंडळाच्या बैठकीत सहज विषय निघाला गं," तो म्हणाला. "मी नुसतं म्हटलं की आम्ही जहाजाने जातोय. लोक खूश झाले."

"किती लोक खूश झाले, त्सेको?"

"एकोणीस."

मागच्या दाराआड दोन-दोन लिटरच्या एकोणीस रिकाम्या बाटल्या उभ्या होत्या, प्रत्येकीवर चिकटपट्टी आणि नाव. सगळ्यात पुढे चर्चच्या बिशपची. पुलेंगने त्या दोनदा मोजल्या.

"बरं," ती दात खाऊन म्हणाली. "डर्बनला भरू. गाडी तिथेच उभी असेल. एकोणीस तर एकोणीस."

"डर्बनचं पाणी तर येणारा-जाणारा आणतो," मात्सेको म्हणाली. "अर्धं डर्बन त्यात आंघोळ करतं. आपण एवढं लांब जाणार आणि बिशपला लोकांच्या आंघोळीचं पाणी देणार? लांबचं पाहिजे."

भांडण दोन दिवस चाललं. पुलेंग उपमुख्याध्यापिका होती, पण मात्सेको त्सेकोची आई होती. शेवटी पोमेनेचा दिवस तरी कोरा राहावा म्हणून पुलेंगने स्वतःच्या हाताने, लाल पेनाने, बेटाच्या दिवसात एक ओळ घातली: 'पाणी – अर्धा तास'.

अर्धा तास! बेटावर उतरल्याबरोबर मात्सेकोने पाहिलं की किनाऱ्यावर निम्मं जहाज डुंबतंय. हे पाणीही आंघोळीचंच झालं. मग चौकड्यांच्या दोन मोठ्या झिपवाल्या पिशव्या घेऊन वरात बेटाच्या पलीकडच्या बाजूला निघाली. वाळू तापलेली, पावलं रुतत होती. पलीकडे गेल्यावर पाण्यात फेस नको, तळाशी चिमूटभर वाळू मात्र हवी, आणि प्रत्येकाचं नाव मोठ्याने घेऊनच त्याची बाटली भरायची असं ठरलं.

"आई, नाव मनात घेतलं तर नाही चालणार?"

"तू शाळेत हजेरी मनात घेतेस का?"

पुलेंगने पुढची बाटली उघडली आणि मोठ्याने नाव पुकारलं. जेवण संपल्याची घंटा त्यांना पलीकडूनच ऐकू आली. लेबो रडला. रेफिलवेने फोनवर मैत्रिणीला लिहिलं की आमची सहल बोअरवेलवर आली आहे. भरलेल्या पिशव्या त्सेकोने दोन्ही खांद्यांवर घेतल्या आणि धापा टाकत शेवटची होडी गाठली.

जहाजाच्या तोंडाशी सामान तपासायचं यंत्र होतं. त्यामागचा नेपाळी रक्षक पडद्याकडे बघतच राहिला.

"साहेब, हे काय आहे?"

"समुद्राचं पाणी," त्सेको म्हणाला.

"एकोणीस बाटल्या?"

"हो."

रक्षकाने खाली, जहाजाच्या चारी बाजूंना पसरलेल्या समुद्राकडे पाहिलं. मग पुन्हा त्सेकोकडे पाहिलं. "साहेब, लोक असल्याच बाटल्यांतून दारू आणतात. पाण्यासारखीच दिसते." त्याने एक बाटली उचलून नाव वाचलं. "ही तर बिशपची."

"बिशप दारू पीत नाहीत!" मात्सेको कडाडली.

"मग ओतून टाका, दादा," पुलेंग घाईघाईने म्हणाली. तिच्या मनात पहिल्यांदाच आशेचा किरण डोकावला होता. "नियम म्हणजे नियम. आमची काही हरकत नाही."

"ओता," मात्सेको शांतपणे म्हणाली. "पण एकोणीस घरी जाऊन सांगायचं काम मारेफिलवे करणार."

मागे रांग वाढत होती. भांडण मिटवायचं म्हणून भलतंच काहीतरी कबूल करून बसायची त्सेकोला जन्मजात खोड. "मी चाखून दाखवतो," तो म्हणाला. "दारू असेल तर कळेलच."

"एक चाखून काय कळणार? बाकी अठरांत असली तर?"

"सगळ्या चाखतो."

त्याने पहिला घोट घेतला, चेहरा वेडावाकडा केला आणि दुसरी बाटली उघडली. "नीट घोट घे रे," आई म्हणाली, "नुसते ओठ लावू नकोस, त्यांना खोटं वाटेल. आणि तुझंही पोट साफ होईल." रांगेतले लोक आता मोजायला लागले होते. बाराव्या बाटलीला टाळ्या पडल्या. सोळाव्या बाटलीला त्सेकोने डोळे मिटले. एकोणिसावीचा घोट घशाखाली उतरला तेवढ्यात आतून एक अधिकारीण बाई आल्या.

"काय चाललंय? पाणी असो की दारू, सगळं आपण कोठीत ठेवतो आणि डर्बनला उतरताना परत देतो. यांना पाजलं कोणी?"

रक्षकाने त्सेकोकडे बोट दाखवलं. त्सेकोने पोटावर हात ठेवला.

संध्याकाळी जेवणाच्या टेबलावर सूप आलं तेव्हा तो खुर्चीवर होता. मासा आला तेव्हा नव्हता. सकाळपर्यंत त्याच्या एवढ्या फेऱ्या झाल्या की लेबोने मोजणं सोडून दिलं.

"कोणाला एक शब्द सांगायचा नाही," पुलेंगने बजावलं. "जहाजावर पोट बिघडलं की कोंडून ठेवतात, मी वाचलंय. दहा वाजता होडी आहे. तू झोपून राहा, काळा चहा पी. मी आणि रेफिलवे जाऊन येतो."

बेत पक्का होता. फक्त मात्सेको आणि रेफिलवे शेजारच्या केबिनमध्ये होत्या, त्यामुळे हे बजावणं तिथवर पोचलं नाही. चादरी बदलायला आलेल्या मुलीला मात्सेकोने कौतुकाने सांगितलं, "माझ्या मुलाचं पोट काय सुंदर साफ होतंय! रात्रभर!"

दहा मिनिटांत दारात डॉक्टर उभे. नाकातोंडावर पट्टी, हातात मोजे.

"हा आजार नाही हो, डॉक्टर," पुलेंग काकुळतीला आली. "हे समुद्राचं पाणी प्यायलेत."

"किती?"

"एकोणीस घोट."

डॉक्टरांनी तिच्याकडे असं पाहिलं की तिला स्वतःचंच बोलणं वेड्याचं वाटलं. "बाई, प्रत्येक जण काहीतरी कारण सांगतोच. या केबिनमधली तिन्ही माणसं उद्या सकाळपर्यंत बाहेर पडणार नाहीत. जेवण दारात येईल."

दार बंद झालं. पुलेंग पलंगाच्या कडेवर बसली. केबिन स्वस्तातली, तिला खिडकीही नव्हती. एवढ्यात बाहेरून रेफिलवेचा आवाज आला.

"आई, माझं काय? मला एकटीला सोडत नाहीत. बरोबर मोठं माणूस पाहिजे म्हणतात."

बाहेर मोठं माणूस एकच होतं, मात्सेको. पुलेंगने शिव्या गिळल्या, चष्मा आणि नळी उचलली आणि दार वीतभर उघडलं. आठ शनिवारांची विद्या तिला दहा मिनिटांत त्या फटीतून बाहेर द्यायची होती.

"आई, हे डोळ्यांवर. हे तोंडात. श्वास तोंडाने घ्यायचा, नाकाने नाही."

"अडुसष्ट वर्षं मी नाकानेच घेतेय."

"आजच्या दिवस तोंडाने घ्या! फुगलेलं जाकीट अंगात घालतील, बुडणार नाही तुम्ही. पाय मारायचे. घाबरायचं नाही."

"आणि करायचं काय तिथे?"

"बघायचं," पुलेंग म्हणाली. तिने चष्मा आणि नळी सासूच्या हातात कोंबली. "नुसतं बघायचं, आई."

तो दिवस तिने कसा काढला ते तिलाच ठाऊक. टीव्हीवर जहाजाच्या टोकाच्या कॅमेऱ्यातून पोमेनेचं निळंशार पाणी दिवसभर दिसत होतं. लेबो दर पाच मिनिटांनी विचारत होता, "आता उघडणार का?" त्सेको न्हाणीघरातून दर पंधरा मिनिटांनी "माफ कर गं" म्हणत होता. दुपारी पुलेंगने वेळापत्रक काढलं, त्याचे आठ तुकडे केले आणि चिकटवता येऊ नयेत म्हणून आणखी आठ केले.

चारच्या सुमारास दारावर टकटक झाली.

"मारेफिलवे, उघडू नकोस, नियम आहे. मी इथूनच बोलते." मात्सेकोचा आवाज वेगळाच होता. "पिवळे होते. एक निळा होता, शेपटी दोऱ्यासारखी. माझ्या हाताला लागून गेला आणि घाबरला नाही. मी ओरडले तर नळीत पाणी गेलं, मग पोरीने मला धरलं. सबंध आयुष्य मी समुद्राचं पाणी बाटलीतून बघितलं. बाटलीत काहीच दिसत नाही गं."

पुलेंग दाराला पाठ लावून बसली होती.

"पुलेंग," बाहेरून आवाज आला. लग्नाला सोळा वर्षं झाली होती. सासूने तिला कायम रेफिलवेची आई म्हणूनच हाक मारली होती. हे नाव तिच्या तोंडून आज पहिल्यांदा आलं. "ते तुझं होतं. बघितलं मी, पण होतं तुझं. ते मला कळतं."

तेव्हा मात्र पुलेंग रडली. लेबोने तिला स्वतःच्या बशीतलं वितळलेलं आइस्क्रीम दिलं.

चौथ्या दिवशी सकाळी डर्बनला उतरताना कोठीतून दोन्ही पिशव्या परत मिळाल्या. गाडीत बसल्यावर मात्सेको म्हणाली, "त्सेको, घराकडे नको. चौपाटीवर घे."

"आता काय राहिलं?" पुलेंग वैतागली. "आणखी बाटल्या?"

"तू उतर. हा तुझा चष्मा. आम्ही सामानापाशी बसतो."

साडेसातची वेळ, किनारा मोकळा होता. पुलेंग कमरेपर्यंत गेली, छातीपर्यंत गेली, आणि तिने डोकं खाली घातलं. पाणी गढूळ होतं. वाळू दिसली, एक बाटलीचं झाकण दिसलं, स्वतःची बोटं दिसली. मग बोटभर लांबीचा एक साधा मातकट मासा तिच्या गुडघ्यापाशी आला, थांबला आणि निघून गेला. तिने डोकं वर काढलं आणि पुन्हा घातलं. किती वेळा, ते तिने मोजलं नाही.

शेवटी मागे वळली तेव्हा तिच्यापासून दहा-बारा हातांवर त्सेको गुडघाभर पाण्यात वाकला होता. लेबो त्याला एकेक बाटली देत होता आणि काठावरून मात्सेको नावं पुकारत होती.

"हे काय चाललंय?"

"प्रत्येक बाटली घोटभर कमी आहे ना," मात्सेको म्हणाली. "अपुरी बाटली कोणाला देणं बरं दिसत नाही."

"अहो, पण डर्बनचं पाणी? अर्धं डर्बन यात आंघोळ करतं ना?"

"आत्ता इथे तू एकटीच तर होतीस. घरचंच की."

त्या रविवारी बिशप प्रार्थनेनंतर सगळ्यांसमोर पेलाभर पाणी प्यायले आणि त्यांनी डोळे मिटले.

"लांबचं पाणी," ते म्हणाले, "चवीवरूनच कळतं. यात माणसाचा स्पर्श नाही."

तिसऱ्या बाकावर पुलेंगने झटकन मान खाली घातली. तिचे खांदे हलत होते. पाहणाऱ्यांना वाटलं, बाई प्रार्थनेत फारच गहिवरली. शेजारून मात्सेकोने तिला चिमटा काढला.

"गप," ती तोंडावर रुमाल धरून कुजबुजली. "पुलेंग, गप."