कोरा गुडघा

मन्मथप्पांसमोर कुठलंही मूल आलं की ते नाव विचारत नाहीत, इयत्ता विचारत नाहीत. "गुडघा दाखव," म्हणतात. मुलगा असो की मुलगी, पायजमा वर सरकवून गुडघा दाखवावाच लागतो. त्यावर खपली असली की अप्पा खूश. मग खिशातले फुटाणे त्या पोराच्या हातावर येतात. गुडघा स्वच्छ निघाला तर मात्र पोराला कावीळ झाल्यासारखा चेहरा करतात. "कोरा हाय गा! आईला बोलाव तुझ्या."

कमलनगरला राहायला आल्यावर पहिल्याच आठवड्यात अशी बोलावलेली आई म्हणजे मी.

माझी आरोही तेव्हा सहा वर्षांची. समोर मोबाईल असल्याशिवाय घास गिळायची नाही. हाक मारली तर ओ द्यायची नाही, म्हणून मी तिला उदगीरला कानाच्या डॉक्टरांकडे नेलं. कान ठणठणीत निघाले, तेच वाईट झालं. कानात काही असतं तर औषध तरी घालता आलं असतं. शाळेतल्या बाई सांगायच्या, ती मधल्या सुट्टीत एकटीच भिंतीला टेकून बसते.

मी जात्याच भित्री. पोर बाहेर गेली तर पडेल, घरात राहिली तर मुकी होईल. मोबाईल काढून घेतला की ती फरशीवर डोकं आपटायची, आणि मी हात जोडून परत द्यायची.

"कामून एवढं भ्यायलीस, पोरी?" अप्पा ओट्यावरून विचारायचे.

"पडून खरचटलं की धनुर्वात होतो, अप्पा."

"मला झालाय का? गल्लीत कुणाला झालाय?"

अप्पांनी जन्मभर कमलनगरहून खेड्यांकडे जाणारी काळी-पिवळी जीप चालवली. त्यांच्या जीपमध्ये कायदा असा, की गप्पा मारणाऱ्याला पुढची जागा आणि मोबाईलमध्ये डोकं घालणाऱ्याला मागं, कोंबड्यांच्या पाटीशेजारी. एकदा एका साहेबालाही त्यांनी मागं बसवलं म्हणतात. आता जीप विकली, कायदा तेवढा राहिला. जुन्या सायकलींचे टायर गोळा करून ते पोरांना पिटाळायला देतात, भवऱ्याला जाळी गुंडाळून देतात, आणि कुणी पडलं की त्यांच्या घरातून हळदीची वाटी बाहेर येते. वाटी आणणाऱ्या त्यांच्या बायको. त्यांना सगळी गल्ली अव्वा म्हणते.

मोबाईलला अप्पा 'ती काच' म्हणतात. "काच बघून बघून पोरांचे डोळे काचेचे व्हायलेत," हे दिवसातून एकदा तरी म्हटल्याशिवाय त्यांना जेवण जात नाही. त्यांच्याकडेही एक काच आहे, पण ती कोनाड्यात झाकलेली. मला वाटायचं, लेकाने घेऊन दिली म्हणून ठेवली असेल.

मग येळवस आली. मार्गशीर्षातल्या या अमावास्येला आमच्या महाराष्ट्र-कर्नाटक सीमेवरच्या गावांत घरी कुणी थांबत नाही. सगळं गाव शेतात जेवायला. अप्पांनी आम्हाला आधीच बजावलं होतं, "शेजाऱ्याला न्हाई जेवू घातलं तर शेत रुसतंय."

त्या वर्षी त्यांचा नातू समर्थ बेंगळूरहून यायचा होता. अप्पांनी बांधावरच्या कडुलिंबाला झोका बांधला, स्वतः बसून पाहिला, दोर करकरला म्हणून सोडून पुन्हा बांधला. आदल्या दिवशी लेकाचा निरोप आला, रजा मिळाली नाही, येळवशीला चार वाजता व्हिडिओ कॉल करतो. हे मला अव्वांनी सांगितलं. अप्पांनी कुणालाच सांगितलं नाही.

शेतात पाऊल टाकताच अप्पा रिकामा बिंदगा, म्हणजे मातीची घागर, घेऊन उभे. "काचा ह्यात टाका. चार वाजता मिळतील." सगळ्यांच्या काचा आत गेल्या. कायदा तो कायदा, म्हणून अप्पांनी आपलीही टाकली आणि वर फडकं बांधलं. मी नवऱ्याचा मोबाईल दिला आणि माझा भज्जीच्या, म्हणजे येळवशीच्या मिसळीच्या भाजीच्या, डब्याखाली पिशवीत दडवला. आरोही पिसाळली तर?

ती तासभर मला चिकटून रडली. मी पिशवीकडे बघत होते. एवढ्यात पोरं झोक्याकडे पळाली आणि अप्पांनी तिला नुसतं विचारलं, "दोर धरायला येतंय का तुला?" ती गेली. झोका उंच गेला की माझा जीव त्याच्याबरोबर वर जायचा आणि खाली यायचा. दोनदा उठले. दोन्ही वेळा अव्वांनी पदर ओढून बसवलं.

पंगत उठत आली तशी आणखी पाहुणे आले. अव्वांनी घाईघाईने, आत न बघताच, भरल्या बिंदग्यातली आंबील दुसऱ्या बिंदग्यात ओतली. ज्वारीच्या पिठाची, ताकातली, चांगली दाट आंबील. अर्धी ओतून झाल्यावर आतून कुणाची तरी रिंग वाजली.

"अगं, फडकं बांधलं हुतं की मी!" अप्पा ओरडले.

"सोडलं मी. येळवशीला बिंदगा रिकामा ठिवत असतेत व्हय?"

मग जी धांदल उडाली! पळीने मोबाईल काढले. कुणी कडब्यावर वाळवतंय, कुणी धोतराला पुसतंय, माझा नवरा आपला कानाला लावून बघतोय. सगळे हसत होते, अव्वासुद्धा. अप्पांनी मात्र आपली काच तळहातावर धरली होती. ती सुरूच होत नव्हती. ते सावलीकडे बघत होते.

"चार वाजले असतील का गं?" त्यांनी हळूच विचारलं. मला फार वाईट वाटलं.

मी पिशवीतून माझा मोबाईल काढला. अप्पा रागावले नाहीत. लेकाचा नंबर त्यांना तोंडपाठ होता, पण घाईत मी दोनदा चुकीचे आकडे दाबले. मी आरोहीला हाक मारली. तिने पहिल्या हाकेला ओ दिली. धावत आली, अप्पांनी सांगितलेला नंबर पटपट दाबला, व्हिडिओ कॉल लावला, आणि मोबाईल अप्पांच्या हातात कोंबून म्हणाली, "झोक्यावरचा माझा नंबर जाईल!" आणि झोक्याकडे पळाली. मागे वळूनही पाहिलं नाही. माझ्या डोळ्यांत पाणी आलं.

पडद्यावर समर्थ दिसला. "अज्जा, तुमचा फोन का लागत नाही? हे बघा!" म्हणत त्याने कॅमेरा खाली नेला. गुडघा चांगलाच सोलवटला होता. बिल्डिंगच्या पार्किंगमध्ये पोरांबरोबर पळताना पडला होता.

आता अप्पा आनंदाने ओरडणार, फुटाणे उधळणार, असं मला वाटलं. अप्पांचा चेहरा कसानुसा झाला.

"लई दुखायलंय का रं, बाळा? हळद लावली का न्हाई कुणी?"

आणि मोबाईल तोंडाजवळ नेऊन ते त्या काचेवर हळूहळू फुंकर घालू लागले.