विन्सम मुक्कामी मोटारीस आकडा चढविल्याची हकीकत

ईश्वरकृपेने, आणि उत्तर समुद्राचे वाऱ्याने जितुकी उसंत दिली तितुक्यात, मौजे विन्सम, प्रांत ख्रोनिंगेन, येथे राजमान्य राजश्री फ्लोरिस कुइपर्स यांणी आपल्या जुन्या निळ्या मोटारीचे पिछाडीस कॅरॅव्हॅन, म्हणजे चाकांवरले घर, ओढावयाचा लोखंडी आकडा स्वहस्ते चढविला, ते मोहिमेचे वर्तमान ऐसे. गड घेणारे बहुत जाहले आणि त्यांचे पोवाडेही बहुत जाहले. परंतु मोटारीखाली उताणे पडोन, डोळ्यांत गंजाचा भुगा घेऊन, नट सर करणाऱ्या वीराची कोणी दखल घेत नाही, म्हणोन हे लिहिणे प्राप्त जाहले.

मोहिमेचे कारण की, फ्लोरिस हे पश्चिमेकडील हारलेम शहरचे, आणि विन्समकर सीप्को यांची कन्या फेन्ना इजशी विवाह होऊन बहुत साले लोटली तरी सासऱ्यांणी जामातास एकवारही नावाने हाक मारिली नव्हती. "तो हारलेमचा" इतुकाच किताब बहाल होता. सीप्को मूळचेच मितभाषी, त्यांत दृष्टी मंद जाहली, मग मोटार विकली, आणि पत्नी आल्त्ये वारल्यापासोन त्यांची कॅरॅव्हॅन, जीत उभयतांणी दर उन्हाळा मोझेल नदीचे तीरी काढिला, ती कोठारात ताडपत्रीखाली पडोन राहिली. मग एके दिवशी सीप्कोंचे फर्मान सुटले की सोमवारी डेल्फझाइलचे गिऱ्हाईक येऊन ती घेऊन जाईल. हे ऐकोन फेन्ना उठोन मोरीपाशी गेली आणि धुतलेलीच बशी पुन्हा धुऊ लागली. ते फ्लोरिस यांस पाहवेना, आणि ते बोलोन गेले की कॅरॅव्हॅन आपण ओढू, आणि बाबांणीही संगे मोझेलास यावे. त्यावर दरबारातोन जबाब आला:

"गॅरेजवाल्यानं लावलेल्या आकड्यामागं माझी कॅरॅव्हॅन जाणार नाही. स्वतः लाव. शनिवारी संध्याकाळपर्यंत लागला, तर बघू."

शनिवारी प्रातःकाळी अंगणात मोर्चे लागले. सरंजाम ऐसा: जॅक, पाने, करवत, आणि शेजारी हार्म यांजकडोन मागोन आणिलेला टॉर्क पाना, जो नट पुरता आवळला म्हणजे 'कट्' ऐसा आवाज देतो. हत्यार कुंपणावरोन आले, आणि हत्यारापाठोपाठ धनीही आले, कारण त्या मुलखी पाना उसना दिला म्हणजे सल्ला फुकट. सीप्को घडीच्या खुर्चीवर घोंगडे पांघरोन, डोळे मिटोन बसले. निजले की जागे, हे देवास ठाऊक.

मग बंपररूपी तट पाडावयास प्रारंभ जाहला. पहिले दोन स्क्रू शरण आले, तिसरा फितूर न होता गंजोन बसला, आणि त्यास तेल पाजोन, गोंजारोन, शेवटी शिव्या घालोन बाहेर काढिला. आत आकड्याची लोखंडी तुळई बसवावयाची, तिचा नकाशा फ्लोरिस यांणी चिखलात पसरला.

"उलटं धरलंयस ते," हार्म म्हणाले.

"नकाशात असंच आहे, हार्म."

"मग नकाशा उलटा धरलायस."

आणि खरोखरीच तो उलटा होता. तेव्हां फ्लोरिस यांचा मुखचंद्रमा लाल जाहला, आणि घोंगड्याखालोन खोकल्यासारखा काही आवाज आला. मग तुळई फिरवोन, गुडघ्यावर तोलोन, भोकांस भोके मिळवोन, बोल्ट आत सारोन, नट बोटांणी फिरवोन बसविले. आता पाना लावावा, तो स्वयंपाकघरातोन फेन्नाची हाक आली, "कॉफी!"

त्या प्रांती ऐसा शिरस्ता की सकाळच्या कॉफीची हाक आली असतां बांध फुटत असला तरी फावडे खाली ठेवावे. सबब सर्व फौज आत गेली. प्रत्येकी एक पेला आणि एक बिस्किट ऐसा शिधा वाटला, आणि हार्म यांणी दुसऱ्या बिस्किटाकडे हात नेला तो फेन्नाने डबा मिटिला. त्या डब्याचा बंदोबस्त जंजिऱ्यासही नसेल.

कॉफीने वीरश्री चढली. मग फ्लोरिस यांणी बंपरास खाच कापिली, आणि बंपर जागी चढविला, आणि तारा जोडिल्या, आणि दिव्यांची परीक्षा घ्यावयास हार्म पिछाडीस उभे राहिले.

"ब्रेक दाब!"

"दाबलाय."

"उजवीकडे वळतोयस तू."

मग दोन तारांची अदलाबदल करोन तोही तंटा मिटविला, आणि कोठारातोन कॅरॅव्हॅन काढोन आकड्यास जोडिली, आणि फेन्नाने टाळ्या पिटिल्या, आणि हार्म यांणी फत्ते जाहीर करोन आपला पाना परत मागितला.

फ्लोरिस यांणी पाना उचलिला आणि जागीच थिजले. बाकी सारी हत्यारे ग्रीसने माखलेली, आणि हा एकटा नवऱ्यामुलासारखा स्वच्छ. कॉफीला उठतेवेळी नट बोटांणी फिरविले होते, आणि तैसेच राहिले होते, आणि त्यांवर आता बंपर चढला होता. ही गोष्ट कोणी बोलोन दाखविली नव्हती. सासरे निजलेले, फेन्ना हरखलेली, आणि सांज होत आलेली. एक मन म्हणे, उद्या गुपचूप खोलोन आवळावे, आज लाज कशास सांडावी? दुसरे मन म्हणे, मागे आल्त्येबाईंची कॅरॅव्हॅन आहे. ऐसी घोर लढाई मोटारीखाली कोठेही जाहली नव्हती, ती उरात जाहली.

मग फ्लोरिस मोठ्याने म्हणाले, "नट आवळलेच नाहीत मी. कॉफीला उठलो आणि विसरलो. सगळं परत काढावं लागेल."

हार्म यांणी पाना घ्यावयास पुढे केलेला हात मागे घेतला. फेन्ना बापाच्या मुद्रेकडे पाहो लागली. सीप्कोंणी डोळे उघडिले.

"मी ऐकत होतो," ते म्हणाले. "सकाळपासून एकदाही कट् वाजलं नाही."

"मग बोलला का नाहीत, बाबा?"

"तू बोलतोस का ते बघत होतो. अंगणाबाहेर थोडीच जाऊ दिली असती." आणि पुढे बोलले, "मीही एकदा असाच उठलो होतो. आल्त्येनं हाक मारली. मोझेलच्या चढावर खडखडायला लागलं तेव्हा आठवलं. तिला कधी सांगितलं नाही. घाबरली असती."

मग फिरोन कॅरॅव्हॅन सोडिली, आणि बंपर उतरला, आणि फ्लोरिस पुन्हा उताणे पडिले. कट्, ऐसा पहिला नट वाजला, आणि खुर्चीवरोन "हं" ऐसी पोच आली. प्रत्येक कट् मागे एक हं. शेवटला हं जाहला तेव्हां दिवस मावळत होता, आणि फेन्ना ओल्या डोळ्यांणी हसत होती, आणि त्या दिवशी डबा दुसऱ्यांदा उघडला, ऐसे विन्समात आजतागायत सांगतात.

मग सीप्को उठोन चाचपडत आकड्याशी आले. कॅरॅव्हॅन अद्याप जोडावयाची होती. त्यांणी आकडा दोही हातांणी हलवोन पाहिला, तो हलेना. मग कोटाचे खिशातोन एक जुना, केस झडलेला टेनिसचा चेंडू काढिला. त्या मुलखी आकड्याचे डोक्यास ग्रीस असते, ते कपड्यांस लागो नये म्हणोन असा चेंडू खोवितात. मोटार विकली, परंतु हा चेंडू विकला नव्हता. तो त्यांणी स्वहस्ते आकड्यावर शिरपेचासारखा चढविला.

"याहून वाईट होऊ शकलं असतं, फ्लोरिस," ते म्हणाले.

ख्रोनिंगेन प्रांती स्तुतीची याहून थोर पदवी नाही. लेक जन्मली तेव्हां सीप्को इतुकेच बोलले होते, आणि आल्त्येबाईंशी लग्न लागले तेव्हांही इतुकेच.

येणेंप्रमाणे आकडा कायम जाहला, डेल्फझाइलचे गिऱ्हाईकास नकार गेला, आणि लौकरच मोझेलाकडे कूच ठरले. बैठकीविषयी सीप्कोंणी जी आज्ञा केली, ती दफ्तरी नोंदली असे: "फेन्ना पुढं बसेल. मी मागं बसतो. आकडा मागं आहे, ऐकायला कोणीतरी पाहिजे."